राबात गेलेले शेण

माझ्या मेहुण्याने मला शेणाच्या व्यवहारात फसवले. सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. लोक जमिनीत फसतात, सोन्यात फसतात. मी शेणात फसलो म्हणून गाव हसते. हसू दे.

खालापुरात माझे मिसळीचे हॉटेल आहे. त्याच जागी पूर्वी मी हातगाडी लावायचो. भाजीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत घासाघिशीत मला कोणी हरवलेले नाही. घर मात्र कडावला, सासुरवाडीच्याच गावात, मेहुण्याच्या गोठ्याला लागून. त्याच्या म्हशींचा उकिरडा माझ्या खिडकीसमोर. बारमाही माश्या, आणि पावसाळ्यात त्याचा ओघळ सरळ विहिरीकडे. म्हणून परसात गोबरगॅस बांधला आणि त्याच्याशी सौदा केला. रोज सकाळी शेण त्याने द्यायचे. गॅस निघाल्यावर टाकीतून जे पातळ खत बाहेर पडते ते सगळे त्याच्या शेताला.

"म्हंजे शेण माजं, खतबी माजं. मग तुमाला काय मिळतं, भावोजी?"

"जाळ."

"नुसता जाळ?" तो हसला. "द्या टाळी."

आणि चांगले चालले. उकिरडा गेला, माश्या गेल्या. निळा जाळ, भांड्यांना काजळी नाही. ते खत घालून त्याचा वाल असा दाटला की लोक बांधावर थांबून बघायचे. बायकोने घरचा सिलिंडर मला हॉटेलात न्यायला लावला. "हा लोखंडी पाहुणा नको आता घरात," म्हणाली.

होळी झाली आणि शेण बंद. गोठ्यात जाऊन बघतो तर सगळे शेण अंगणात वाळत पसरलेले.

"हे काय रं?"

"राबाला."

आमच्याकडे भाताचे रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पाला, गवत यांचे थर रचून जाळतात. तो राब. मला ठाऊक नाही असे नाही.

"अरं, त्याच शेणातला जाळ मी काढून घेतो आणि खत तुला परत देतो. तू जाळ आणि खत दोन्ही धुरात घालवतोस!"

"राबाला आग पायजेच, भावोजी. तणाचं बी मरायला पायजे. तुमच्या पातळ खतानं तण मरतं व्हय?"

"मग पाला जाळ. शेणच कशाला?"

"माजा बा शेणच घालायचा."

"सौद्यात का नाही बोललास?"

"तुमी इचारलं कुठं? राबाचं काय सांगायचं? दरसालचं हाय ते."

मी इतका ओरडलो की सगळी आळी बाहेर आली. तो शेण उलटे करत राहिला.

टाकीला खाणे लागते, जनावरासारखे. ती उपाशी मरू नये म्हणून मी हॉटेलातले उरलेसुरले आणून ओतायला लागलो. भात, पाव, भाजीची साले. त्यातून गॅस होतो, हे खरेच आहे. पण माझ्या हॉटेलात पिळलेली लिंबे, आंबट दही आणि मिसळीचा कटही उरतो, आणि सोबतीला शेण नव्हते. टाकी आंबली. फेस आला, वास सुटला, शेगडी फुसफुसून विझली.

"गिऱ्हाइकांना तुमची मिसळ बाधत नाय," बायको म्हणाली, "टाकीला बाधली."

दुसऱ्या दिवशी ती भावाच्या घरी जाऊन चहा करून घेऊन आली. "घ्या, माहेरचा," म्हणून माझ्यापुढे ठेवला. सिलिंडर हॉटेलातून परत आणला तेव्हा तिने तो कोपऱ्यात सरकवला, एक शब्द न बोलता. तिचे टोमणे परवडतात, ते गप्प राहणे परवडत नाही.

आता टाकी उपसून ताज्या शेणाने पुन्हा भरल्याशिवाय ती जगणार नाही. तेवढे शेण आसपास एकाच गोठ्यात आहे. आणि काल त्याच गोठ्याचा मालक, हातापायाला राबाची राख, माझ्या दारात उभा. "भावोजी, पेरणी आली. खत कधी देता?"

मेलेल्या टाकीतून खत मागतो!

"चुकलो" असे त्याने अजून म्हटलेले नाही. मला ते ऐकायचे आहे, आणि एकट्यात नाही. आळीने माझे ओरडणे ऐकले, तशी त्याची कबुलीही ऐकावी. माझा जाळ कोणाच्या राबात गेला आणि बायकोची चूल कोणी विझवली, हे त्याने बहिणीच्या समोर उभे राहून सांगावे. सांगून झाले की घमेले उचलावे आणि टाकी भरून द्यावी.