मोठ्या बाबांचा जपानी

मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणाविषयी असं लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे का, ही शंका मनात घेऊनच बसलो आहे. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. पण एवढं मी ठामपणे सांगतो, की वैनगंगेच्या दोन्ही काठांवर शोधलं तरी एका निवृत्त जपानी फुटबॉलपटूवर माझ्या मोठ्या बाबांइतकी माया करणारा दुसरा माणूस सापडणार नाही. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. फुटबॉल त्यांनी जन्मात पाहिलेला नाही.

हा जपानी खेळ सोडल्यावर जपानातल्या आपल्या गावी धान लावू लागला आणि रोज सकाळी बांधावर उभा राहून दुखऱ्या गुडघ्यांचे व्यायाम दाखवू लागला. लाखो लोक त्याला मोबाईलवर बघतात. मोठ्या बाबांचेही गुडघे गेलेले. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेल्यावर त्यांनी नव्या गावाजवळ दीड एकर बांधी, म्हणजे धानाचं शेत, घेतली होती. ती आता ठेक्यानं कसायला देऊन टाका, असं त्यांची बायको, माझी मोठी आई, दरवर्षी म्हणायची. "एकदा पाण्यानं सोडवली," मोठे बाबा म्हणत, "आता गुडघ्यानं नाही सोडत. थो जपानी करून राहिला, मंग मले काय झालं?"

लग्नाला बोलावलं तर जावं लागतं; हा माणूस रोज बोलावतो, म्हणून रोज जावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. अंघोळ करून, टोपी घालून ते पोत्याला टेकवलेल्या मोबाईलसमोर उभे राहत. जपान्यानं शेवटी वाकून नमस्कार केला की हेही वाकत आणि त्याला चहाचा आग्रह करत. चुलीजवळून मोठी आई म्हणायची, "त्याले चाय इचारता, मले इचारली का कधी?" एकदा दोन दिवस टॉवर बंद पडला, तर येता आलं नाही, राग मानू नये, असा निरोप त्यांनी मला लिहायला लावला. इतक्या लाखांत त्याला काय कळणार, असं मी म्हटलं. "पंगतीत पानं कोणी मोजत नाही," ते म्हणाले, "पण रिकामं पान दिसतेच." उत्तर आलं नाही, तेव्हा शेतीच्या दिवसांत कुणाला फुरसत असते, म्हणून त्यांनीच त्याची बाजू घेतली.

खरं सांगायचं तर मी थकलो होतो. सकाळची बस, कॉलेज, आणि परत आल्यावर जपानी काय बोलला ते खालच्या इंग्रजी ओळी वाचून समजावणं. गुडघे सुधारत नव्हते, हेही दिसत होतं. धानाच्या रोवणीत चिखलातून पाय उपसायला त्यांना कुणाचा तरी हात लागे. संध्याकाळी मोठी आई त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत बसे. तीही थकली होती.

यंदा रोवणी तोंडावर आली आणि जपानी दिसेनासा झाला. मोठे बाबा तरी टोपी घालून उभे राहत. जुना व्हिडिओ लावून देऊ का, असं मी विचारलं, तर शिळ्या आमंत्रणाला जात नसतात म्हणाले.

मग एका सकाळी तो आला. खुर्चीवर बसून. मागच्या हिरव्या बांधीत दुसरीच तरुण माणसं तण काढत होती. मी हळूहळू वाचून दाखवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शेत गावातल्या पोरांना कसायला दिलं, आता रोज इथे बसून बघत जाईन, असं तो म्हणत होता.

त्यानं बसल्या बसल्याच मान लववली. मोठे बाबा मात्र नेहमीसारखे पूर्ण वाकले, आणि सरळ व्हायला त्यांना वेळ लागला.

"आयकलं का वो," ते चुलीकडे पाहून म्हणाले, "त्यानंही बांधी देली. ठेकेवाल्याले हो म्हणून सांग. अन् आपली एक खुर्ची बांधावर नेऊन ठेव म्हणा."