परतीच्या वाटेवरच्या नाखवा सिस्टर

कोलोनोस्कोपी सुरू झाली की नाखवा सिस्टर स्क्रीनकडे पाठ करून उभ्या राहायच्या. ट्रे लावायच्या, पेशंटचं पोट हाताने दाबून धरायच्या. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या टोकाला पोचली, असं आमचे डॉक्टर सर म्हणाले की मगच वळायच्या. मनगटावरचं घड्याळ बघायच्या आणि दुर्बीण पूर्ण बाहेर येईपर्यंत त्यांची नजर स्क्रीनवरून हलायची नाही.

"जाताना वाट शोधायची, येताना घर बघायचं," हे त्यांचं म्हणणं; आतड्याची खरी तपासणी दुर्बीण बाहेर घेतानाच होते. सर कधी भराभर दुर्बीण मागे घ्यायला लागले तर त्या मागून म्हणायच्या, "डॉक्टर, घाई कनाला? चारच मिनिटं झालीत, सहा तरी पाहिजेत." ठाण्यातल्या आमच्या हॉस्पिटलात सरांना असं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. सर हसायचे, पण हात सावकाश करायचे.

मी नवी टेक्निशियन. मानपाड्याहून यायचे. फोटो साठवणं आणि नोंदी टाइप करणं एवढंच माझं काम, आणि ते न बोलता होत होतं म्हणून मला आवडायचं. सिस्टर चिडवायच्या, "काय गो मिस, आज किती शब्द झाले? तीन? जपून वापर, संध्याकाळला पुरायला पाहिजेत."

त्यांचं घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. लहानपणी बाजारात आईच्या मासळीच्या टोपलीपाशी बसलेल्या. आतड्याच्या भिंतीवर कुठे चिकट स्राव दिसला की म्हणायच्या, "कल्ला उचलल्याशिवाय मासळी ताजी बोलायची नाय. धुवा डॉक्टर." सर पाण्याची पिचकारी मारायचे, दुर्बिणीवरचं बटण दाबून निळा उजेड लावायचे. गुलाबी भिंत एकदम हिरवट व्हायची आणि शिरांची बारीक जाळी वर यायची. साध्या उजेडात भिंतीत मिसळून गेलेला चपटा पॉलिप, म्हणजे आतल्या आवरणावरची वाढ, या उजेडात वेगळा दिसतो, आणि त्याच्यावरच्या नक्षीवरून तो निरुपद्रवी आहे की पुढे कॅन्सर होऊ शकेल असा, याचा अंदाज येतो.

एकदा खोपटच्या डेपोतले एक निवृत्त कंडक्टर आले होते. दुर्बीण बाहेर आली, सर हातमोजे काढत होते. आतड्याच्या एका घडीआड मला पिवळट डाग दिसला होता, पण मी गप्प बसले होते. शेवटी न राहवून सिस्टरांच्या कानात सांगितलं.

"मग माझ्या कानात कनाला? माझ्या कानात दुर्बीण जाते काय?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "डॉक्टर, ही काय बोलते ते ऐका."

सर वैतागले, पण दुर्बीण पुन्हा घातली. डाग धुतला. खाली स्वच्छ, गुळगुळीत भिंत. काहीच नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मी परत कधी बोलणार नाही," मी नंतर सिस्टरांना म्हटलं.

"काही नाय, हे बघितल्यावर कळलं ना? न बघता कळलं असतं?" एवढं बोलून त्या ट्रे धुवायला गेल्या.

तरी मी गप्पच राहिले, कित्येक महिने. सिस्टरांच्या निवृत्तीच्या आठवड्यात चाळिशीचा एक माणूस आला. त्याचा मोठा भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेला होता. बाहेर बसलेली त्याची बायको आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. दुर्बीण परतत होती. एका वळणावर शिरांची जाळी नखाएवढ्या जागेत पुसल्यासारखी दिसली. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या स्क्रीनकडे बघत होत्या, पण काही बोलत नव्हत्या. दुर्बीण सरकायला लागली.

"सर, थांबा. मागे, डावीकडे."

आवाज माझाच होता. सरांनी धुतलं, निळा उजेड लावला. हिरवट भिंतीवर तपकिरी नक्षी उमटली. चपटा पॉलिप. "काढायलाच हवा," सर म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. पॉलिप कापायचा तारेचा फास सिस्टरांनी लगेच त्यांच्या हातात दिला. पाकिटातून तो आधीच काढून ठेवलेला होता.

पेशंटला बाहेर नेल्यावर मी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला माझ्या आधीच दिसला होता?"

"मग! अजून एक श्वास थांबले असते आणि मीच ओरडले असते." त्यांनी हातमोजे काढले. "पण तुझा आवाज यायला पाहिजे होता गो. सोमवारपासून इथं मी कुठं हाय?"