गाजराच्या वाफ्यातला चाकवत

अठ्ठावन्नाव्या वर्षी परीक्षेला बसायची मला काही हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकते. पण दोन एकर भाजीचं रान डोळ्यांदेखत घोड्यांना जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून बसले.

आमच्या या जर्मन गावाच्या, एश्बॉर्नच्या, काचेच्या ऑफिसांच्या इमारती संपतात ना, तिथून एक पायवाट खाली उतरते. तिथे एका म्हाताऱ्याचं शेत होतं. मुलगी ड्रेस्डेनला शिकायला गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा मी त्याच्याकडे मदतीला जायला लागले. चार दिवस म्हणता म्हणता सात वर्षं झाली. गाजर, कोबी, कांद्याची पात, काय कधी लावायचं ते सगळं त्याच्या मागे फिरून शिकले. वाचन म्हणाल तर बियांच्या पाकिटावर असेल तेवढं.

मग, दोन हजार तेरा-चौदाचा सुमार असेल, म्हाताऱ्याचे गुडघे गेले. मागे करणारं कोणी नव्हतं. दातांचे एक डॉक्टर ती जमीन घोडे सोडायला मागत होते. म्हातारा मला म्हणाला, तुम्ही घेणार असाल तर त्यांना पुढचा उन्हाळा संपेपर्यंत थांबवतो. पैशांचं आमचं घरी ठरलं, तो प्रश्न नव्हता. अडलं ते आम्टमध्ये.

आम्ट म्हणजे राज्य सरकारचं शेतकी ऑफिस. इथे शेतजमीन विकायची तर राज्याची परवानगी लागते. घ्यायला शेतकरी तयार असेल तर बिगरशेतकऱ्याला ती सहसा मिळत नाही. हे ऐकून मी खुशीत गेले, म्हटलं, झालंच आपलं काम. टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, तुमचं शेतीचं शिक्षण कुठे झालं? मी दोन्ही हात पुढे केले. नखांत माती होतीच. त्या हसल्या, पण म्हणाल्या, आमच्या कागदावर डॉक्टर आणि तुम्ही सारखेच, दोघंही शेतकरी नाहीत.

सात वर्षं कंबर मोडून काम केलं आणि मी त्या डॉक्टरांच्या पंगतीला! फार लागलं मला ते. पण त्याच बाईंनी एक पत्रक माझ्यासमोर सरकवलं. इतकी वर्षं शेतात राबलेल्या माणसाला थेट शेतकीची परीक्षा देता येते, पास झालं की कागदावरही शेतकरी, आणि अशांसाठी राज्य हिवाळ्यात वर्गही चालवतं. शेतातलं काम जाणणारी माणसं कमी पडतायत, त्यांनाही गरज होती. मी तिथेच फॉर्म भरला.

घरी अहो म्हणाले, "अगं, माझी रिटायरमेंट आली आणि तुझी शाळा सुरू होतेय?"

"मग डबा तुम्ही भरा," म्हटलं.

आणि भरला हो, हिवाळाभर. पोळ्या नकाशासारख्या असायच्या, पण भरला. मुलगी फोनवरून प्रश्न विचारायची. मी अडले की मराठीत शिरायची, आणि ती पलीकडून जर्मनमध्ये "फाल्श, आई, फाल्श." चूक म्हणायलासुद्धा लेकीला मराठी सुचत नाही! खतं, मातीचे प्रकार, फवारणीचे नियम, रात्री स्वप्नात यायचे. लेखी पेपर कसाबसा निभावला.

प्रत्यक्ष कामाची परीक्षा जूनमध्ये. राज्याच्याच शिकवणीच्या शेतावर मला गाजराचा एक वाफा साफ करायला दिला. बाकीची मुलं-मुली उभ्यानं, लांब दांड्याचं अवजार चालवत होती. मी पिशवीतून माझं साताऱ्याहून आणलेलं खुरपं काढलं आणि उकिडवी बसले. परीक्षक बाई माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या. वेळेच्या आधी वाफा संपवून मी उठले.

त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "यात तण राहिलंय."

बघते तर काय, वाफाभर चाकवत तसाच उभा. कोवळा, वीतभर, पानांखाली पांढरी भुकटी. सात वर्षांची हाताची सवय! म्हाताऱ्याच्या शेतात मी तो कधीच उपटून टाकला नव्हता. गाजराभोवतीचं बाकी सगळं काढायचं, चाकवत ठेवायचा आणि शुक्रवारी खुडून घरी न्यायचा, ताकातल्या भाजीला. म्हातारा बघून न बघितल्यासारखं करायचा.

मी म्हटलं, ही भाजी आहे, आम्ही खातो.

"हे पेरलं कोणी?"

"कोणी नाही. आपोआप आलंय."

"मग गाजराच्या वाफ्यात ते तणच. गाजराचं पाणी पितं ते."

एका भाजीपायी ते सगळं रान हातचं जाणार, असं वाटलं. पण बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि गप्प बसायला मी तिथे गेले नव्हते. अजून किती वेळ आहे, विचारलं. दहा मिनिटं, म्हणाल्या. पुन्हा बसले आणि एकेक रोप मुळासकट काढलं. फेकवेना, म्हणून सुतळीनं बांधून जुडी केली. बाईंनी मार्क कापले ते कापलेच. नंतर तोंडी परीक्षेत त्यांनीच विचारलं, जमीन मिळाली तर काय लावाल? मी यादी सांगितली आणि शेवटी जुडी टेबलावर ठेवली. "आणि हा. एक वाफा. पेरून."

त्यांनी पान चुरडलं, वास घेतला आणि काहीतरी लिहिलं. काय, ते मला आजही माहीत नाही.

पास झाले. जेमतेम, पण पास. पत्र घेऊन आम्टमध्ये गेले, आणि सप्टेंबरात परवानगी आमच्या नावानं आली. डॉक्टरांनी घोड्यांसाठी दुसरीकडे कुरण बघितलं. म्हातारा अजून बांधावर खुर्ची टाकून बसतो आणि मी कोबी फार जवळ लावते म्हणून कुरकुरतो.

पुढच्या वसंतात मी दोरी ताणून, सरळ ओळीत, चाकवत पेरला. गाजरातला मात्र आता दिसला की मुळासकट काढते. तेवढं त्या बाईंचं बरोबर होतं.