ठाकुर्लीची उद्देशिकेची शिळा

खोपटच्या डेपोत एसटीतून उतरलो तेव्हा कमल, माझी धाकटी बहीण, न्यायला आली होती. कराडहून निघालो होतो ते कोपरीत तिच्याकडे चार दिवस आराम करायला. पण घरी घावन आणि काळ्या वाटाण्याची आमटी वाढतावाढताच ती म्हणाली, "दादा, उद्या ठाकुर्लीला जायचंय. सुशीलाताईंनी बोलावलंय."

सुशीलाताई तिच्याबरोबर दवाखान्यात नर्स होत्या. त्यांच्या चाळीच्या तोंडाशी रहिवाशांनी संविधानाच्या उद्देशिकेची काळी शिळा उभारली होती. खाली संविधान स्वीकारल्याची तारीख कोरलेली. आता चाळ पाडून इमारत होणार होती. राडारोड्यात शिळा जाऊ नये, म्हणून जुने शेजारी ती पलीकडच्या बागेत नेणार होते. तशी परवानगीही त्यांनी मिळवली होती.

सकाळी पोचलो तर निम्मी चाळ पडलेली. बौद्ध, मराठा, आणि इथले मूळचे, भातशेती नि मिठागरं करणारे आगरी, अशी सगळी कुटुंबं लांबून आली होती. टेम्पो मागवला होता, पण गल्लीत चर खणल्यामुळे तो आत येईना.

"बांबू आणि दोर आणा," सुशीलाताई म्हणाल्या. "उचलून नेऊ."

वाटेत एकाला दम लागला, तसा त्याच्या जागी मी बांबू खांद्यावर घेतला. चर ओलांडताना दोर सरकला आणि शिळा कलली.

"धरा रे, सोडू नका," मागून एक आगरी काका म्हणाले. बायकांनीही हात घातले. कोपरा काठावर आपटून फुटलाच, पण अक्षरं शाबूत राहिली.

बागेतल्या चौथऱ्यावर शिळा उभी राहिल्यावर कुणीतरी म्हणालं, "खाली आपली नावं टाकूया ना."

"पहिली ओळ वाच की," सुशीलाताई हसल्या. "आम्ही, भारताचे लोक. आलो ना सगळे त्यात?"

मग सगळ्यांनी मिळून उद्देशिका मोठ्याने वाचली.

चहा घेताना काकांनी मला विचारलं, "तुम्ही कोणत्या खोलीतले?"

मी बोलायच्या आत सुशीलाताई म्हणाल्या, "आपल्यातलेच ते."

परतीच्या एसटीत खांदा चांगलाच ठणकत होता. शिक्षक म्हणून ही उद्देशिका मी वर्षानुवर्षं मुलांकडून म्हणून घेतली. आता निवृत्त झालोय. तरी घरी पोचल्यावर नातीला जवळ बसवून सांगितलं, की ठाकुर्लीला कोपरा फुटलेली एक शिळा आहे, आणि ती आम्ही उचलून नेली.