सुपरवायझर बाईंची वही

पॅकिंगला नवीन सुपरवायझर बाई आल्या आणि त्यांनी रोज सकाळी कामाआधी दहा मिनिटं सगळ्यांना व्यायामच करायला लावला. वर कोण किती वाकतं ते वहीत लिहायच्या! मिशीवाल्या काकांच्या मनात पाल चुकचुकली. बावीस वर्षं बुटक्या टेबलावर खोकी भरून त्यांचा गुडघा पार कामातून गेला होता, पण ते कुणाला कळू देत नव्हते.

"ही बाई म्हातारे हुडकतेय. बघच, मला घरी बसवणार," ते शेजारच्या पॅकिंगवालीला म्हणाले.

"अहो काका, तुम्ही वाकलात की मिशीसुद्धा कण्हते. लपवताय कुणापासून?"

काका हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत बाई हात धुवायला गेल्या, तशी त्यांनी वही उघडलीच. पहिलं नाव खुद्द बाईंचं होतं: 'कंबर धरते.' खाली काकांचं: 'गुडघा. विचारलं तर कबूल करणार नाहीत. टेबल वीतभर उंच करून घेणे.'

"झालं वाचून?" मागून बाईंचा आवाज आला. काकांनी वही झटकन मिटली.

"सरळ उभे राहा. टेबलाचं माप घेते."

काका उभे राहिले, पण एका पायावर भार देऊन. "आणि हे वर ऑफिसात कळवणार नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं.