भट्टीच्या तळाच्या विटा

आमचं वावर शेजारच्या वावरांपेक्षा कमरेइतकं खोल आहे. त्यात उभं राहिलं की धुऱ्याच्या बांधावरून जाणाऱ्याचे आधी पाय दिसतात, मग माणूस. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, तळं खोदलंय. तळं कसलं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिथली माती वीटभट्टीवाल्याला दिली आणि बदल्यात घरापुरत्या विटा घेतल्या. वावराची माती अशी आमच्या भिंतीत गेली. मी सकाळी त्या भिंतींतून निघायची आणि दिवसभर त्या खड्ड्यात राबायची.

माझे मालक लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. तिथं त्यांनी भाड्यानं खोली घेतलेली. महागावहून येणारी सकाळची एसटी आमच्या गावात धरली तर जेवणाच्या वेळेला पोचता येतं, इतकं जवळ. वावर मक्त्यानं द्यायचं आणि मामाजींना घेऊन मी तिकडं जायचं, असं ठरलेलं. पण खड्डा मक्त्यानं घेतो कोण? पावसाळ्यात पाणी साचतं, तूर उभ्या उभ्या जळते. "खड्डा भरला का तुले नेतो," मालक दर दिवाळीला म्हणायचे. मी वेडी, दर दिवाळीला पेटी भरून ठेवायची.

गेल्या उन्हाळ्यात गावच्या तलावाचा गाळ काढायला सुरुवात झाली. सरपंचाच्या दारी मी इतके खेटे घातले की शेवटी कंटाळून त्यांनी आमच्या वावराला ट्रॉल्या दिल्या. गाळ पडत होता आणि मी धुऱ्यावर बसून बघत होते. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. एक कोपरा तेवढा राहिला. तिथं बोरीची झुडपं, खाली राख आणि खंगर, म्हणजे जास्त भाजून काळ्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या विटा. वर गाळ टाकायच्या आधी कोपरा साफ करावा म्हणून मीच कुदळ मारली. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

भट्टीवाल्यानं भट्टी वावरातच लावली होती; राखेखाली तिचा तळच निघाला. अवकाळी पावसात पाणी भरलं तेव्हा भट्टीवाला खालचे थर तसेच टाकून निघून गेला होता. विटा अजून ओळीनं मांडलेल्या, लाल, भाजून पक्क्या. मामाजी खाली उतरले. एक वीट दुसरीवर वाजवून पाहिली. त्यांचा चेहरा उजळला तशी मला धडकी भरली.

"आपल्याच मातीच्या व्हय ह्या," ते म्हणाले. "काढून घेऊ."

"राहू द्या न, मामाजी. वरून गाळ टाकला का झाकून जाते."

"काहून? तुह्यासाठी एक खोली निघते याच्यात. तिकडं भाड्याच्या खोलीत कायले कोंडून राह्यतं? अंगणात बांधून देतो. दार तुले पाह्यजे तिकडं ठेव."

माझा नुसता संताप झाला. कुणी वाईट वागलं असतं तर भांडले असते. हा म्हातारा माणूस भर उन्हात, माझ्यासाठी, विटा उपसत होता. मी टोपली धरली. थर काढता काढता कोपरा खोल होत गेला, बाजूचा नवा गाळ त्यात घसरला. तोवर तलावाचं काम आटोपलं आणि ट्रॉल्या दुसऱ्या गावी गेल्या. पावसाळ्यात पाणी पुन्हा साचलं. मक्त्यासाठी वावर बघायला आलेला माणूस धुऱ्यावरूनच माघारी फिरला.

दिवाळीला मालक आले. नव्या खोलीत फिरले, भिंतीवर थाप मारली. "लय भारी झाली," म्हणाले. "मी तिकडची खोली सोडून देतो. कामावरच्या एका पोराजवळ राहीन. आता तुले कायले यायचं काम तिकडं?"

मामाजी दारात उभे होते, खुशीत. मी चहा ठेवायला गेले.

पेटीतले कपडे त्या दिवशी मी नव्या खोलीतल्या खुंटीला टांगले. दार मी रस्त्याच्या बाजूनं मागितलं होतं, ते मामाजींनी बरोबर तिकडंच ठेवलंय. सकाळची एसटी तिथून दिसते.