किलिआनची जागा

ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला सकाळी इर्मट्राउट लोइटनर व्युर्त्सबुर्गच्या स्टेशनवर एकटीच उतरली. हातात चाकांची लहानशी बॅग, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत थडग्यावर लावायचं जांभळ्या फुलांच्या एरिकाचं रोप, झाकणाचा लाल दिवा, काडेपेटी आणि आईची जपमाळ. सहासष्ट वर्षांत तिनं एकटीनं प्रवास असा कधी केलाच नव्हता. कुठंही जायचं तर तिकिटं डीटमारच्या खिशात आणि ती डीटमारच्या मागं, अशी सवय.

हे तिचं माहेरचं शहर. इथंच तिचा एकुलता एक मुलगा किलिआन सत्त्याण्णव साली मेंदूज्वरानं तीन दिवसांत गेला. नऊ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी डीटमार म्हणाला, "मला इथं श्वास घेता येत नाही," आणि त्यानं थेट उत्तरेला, समुद्राकाठी, ब्रेमरहाफनच्या गोदीत काम धरलं. ती मागोमाग गेली. पण दर वर्षी एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, दोघं न चुकता येत, थडग्यावर दिवा लावत. सात वर्षांपूर्वी डीटमार विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग गल्ली, मग ती. त्याला सोडून निघता येईना, येणं बंद झालं. मार्चमध्ये तो सुटला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा समुद्रात सोडली आणि शेजारीण विचारायला आली तेव्हा इर्मट्राउट म्हणाली, "नवरा समुद्राला दिला. मी आता मुलाकडे जाणार."

ती खरंच तेवढ्यासाठी आली होती. किलिआनच्या थडग्यात आपलीही सोय करून ठेवायची, कागदावर सही करायची, म्हणजे देवानं बोलावलं की चिंता नको.

नदीपलीकडची ती जुनी दफनभूमी तिला डोळे मिटून पाठ होती. नळ, मग तीन रांगा सोडून डावीकडे, मग सातवं. ती सातव्यापाशी थांबली. तिथं ताज्या मातीवर नवा लाकडी क्रूस होता. ओटमार शिक, १९४१ ते २०२४. पुढं पांढऱ्या शेवंतीचा ढीग.

आपण चुकलो, असं वाटून ती नळापर्यंत परत गेली आणि पुन्हा मोजत आली. पाच, सहा, सात. सहाव्यावर तीच म्हातारी बेनेडिक्टा, आठव्यावर तेच दोघे भाऊ. मधे ओटमार शिक. किलिआनच्या दगडावर त्यानंच काढलेला मासा कोरला होता, एक डोळा मोठा, एक बारका. तो दगड कुठंच नव्हता.

फाटकाशी देखरेख करणाऱ्या बाउश यांची खोली होती. त्यांनी तिला ओळखलं आणि ओळखताक्षणी त्यांचा चेहरा पडला.

"आधी बसा, फ्राउ लोइटनर."

"माझा मुलगा कुठे आहे?"

बाउशनी जाड वही उघडली. त्या देशात थडगं कायमचं नसतं. जागा पंचवीस वर्षांसाठी मिळते, मुदत संपली की वाढवून घ्यायची. नाही वाढवली तर दगड उचलतात आणि जागा दुसऱ्याला जाते. हे इर्मट्राउटला माहीत नव्हतं असं नाही. पण घरातले सगळे कागद डीटमारचे. त्याच्या फायली, त्याच्या तारखा.

"बावीस साली मुदत भरली," बाउश म्हणाले. "दोन पत्रं टाकली तुमच्या पत्त्यावर. उत्तर नाही."

तिला ते दिवस आठवले. डीटमार पहाटे उठून पत्रपेटीपाशी उभा राहायचा, आलेलं प्रत्येक पाकीट फाडून बारीक तुकडे करायचा आणि खुशीत सांगायचा, "झालं बरं का, सगळं आटोपलं!" तुकडे ती झाडून टाकायची.

"मग रिवाजाप्रमाणे दगडावर पिवळा कागद चिकटवला, की नातेवाइकांनी भेटावं. आठवड्यात कागद गायब! पुन्हा लावला, पुन्हा गायब. बरं, दगड बघावा तर आरशासारखा लख्ख. तेव्हा आम्ही काय समजायचं? घरचं कुणीतरी येतंय, वाचतंय आणि जाणूनबुजून गप्प बसतंय. असतात हो अशीही माणसं. तरी आम्ही आणखी वर्षभर थांबलो."

"आणि दगड?"

"खाणीवर गेला. फोडून खडी करतात त्याची."

"आणि तो?"

"तो आहे तिथंच आहे. आम्ही कुणाला हलवत नाही. फक्त जागा आता त्याची नाही."

"मला त्याच्यापाशी ठेवता येईल?"

"पंचवीस वर्षं शिकमंडळींची जागा ती."

"तेव्हा मी एक्याण्णव असेन."

"कुणी सांगावं, आमची हवा चांगली आहे," बाउश बोलून गेले, मग स्वतःच ओशाळून वहीकडे बघत राहिले. ती उठली. एरिकाचं रोप त्यांच्या टेबलावरच राहिलं.

दुपारच्या बसनं ती द्राक्षमळ्यांतून वर, वाइसेनरोट गावी नणंदेकडे गेली. मुक्काम तिथंच ठरला होता. डीटमारची ही थोरली बहीण त्सेन्टा ब्याऐंशीची. गेल्या वर्षी जानेवारीत कमरेचं हाड मोडल्यापासून घराबाहेर पडली नव्हती.

"ये गं पोरी! केवढी वाळलीस! त्या उत्तरेत नुसते मासे खायला घालतात वाटतं?" त्सेन्टानं कांद्याचा गरम केक कापला, नव्या वाइनचा गढूळ पेला पुढं सरकवला. "जाऊन आलीस ना? कसा दिसतो माझा किलिआन?"

इर्मट्राउट सांगणारच होती. तोंडात आलेलं वाक्य जुळवत होती. पण त्सेन्टाला कुठला धीर.

"तुम्ही येईनासे झालात, पण मी त्याला उघडं पडू दिलं नाही हो. पंधरा दिवसांनी बस धरायची, ब्रश आणि व्हिनेगरचं पाणी घेऊन. अख्ख्या रांगेत त्याच्याइतका चकचकीत दगड दाखव मला! आणि बाई, लोकांना काही लाज? कुणीतरी त्याच्यावर भडक पिवळा कागद चिकटवायचं. लहान लेकराच्या दगडावर! मी नखांनी खरवडून काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. म्हटलं, बघू कोण दमतं ते."

"काय लिहिलं होतं त्यावर?"

"घासायला जाताना चष्मा कोण नेतं गं? असेल कसलीतरी जाहिरात."

या गावात मुदत भरली की पाद्री स्वतः दारात येऊन सांगत. पिवळा कागद त्सेन्टाला कुठून माहीत असणार? इर्मट्राउटचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. बोटं वाकडी झालेली, नखं स्वच्छ, कापलेली.

"बरं केलंस," ती म्हणाली.

"उद्या माझाही दिवा लाव. सांग त्याला, आत्या कमरेपायी आली नाही, विसरली नाही." त्सेन्टानं कपाटातून लाल दिवा काढला आणि पिशवीत पहिल्याशेजारी ठेवला.

सणाच्या दिवशी दोन वाजता थडग्यांना आशीर्वाद मिळतो. प्रत्येक घर आपापल्या थडग्यापाशी उभं राहतं, पाद्री रांगेरांगेनं पवित्र पाणी शिंपडत जातात. इर्मट्राउट कुठं उभी राहणार? ती नळापाशी थांबली, हिरव्या झाऱ्यांजवळ. जपमाळ हातात होती, पण पहिल्या मण्यापुढं काही सरकेना.

काळ्या टोपीतली एक बाई झारी भरायला आली.

"तुमचं थडगं कुठलं?"

"माझं इथं कुणी नाही," इर्मट्राउटच्या तोंडून निघून गेलं.

"अगंबाई, मग इथं थंडीत काय उभ्या राहता? सणाला एकटं राहू नये. चला आमच्यापाशी." आणि बाईनं तिला दंडाला धरून नेलं. तीन रांगा, डावीकडे, सातवं.

शिक कुटुंबानं सरकून पाहुणीला जागा दिली. "आमचे ओटमार फार अबोल होते हो," बाई कुजबुजली. त्यांच्या खालचा पोरगा मात्र क्षणभर गप्प बसणारा नव्हता, हे इर्मट्राउटला सांगायचं होतं. पाद्री आले, ओटमार शिकचं नाव घेतलं, पाणी शिंपडलं, पुढं गेले. थडग्यावर शिकांचे पाच दिवे जळत होते. तिनं पिशवीत हात घातला, काचेला बोटं लागली. हे कुणासाठी, असं कुणी विचारलं असतं तर? तिनं हात काढून घेतला, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि आभार मानले.

तिथूनच ती स्टेशनवर गेली; परतीच्या आगगाडीत बसल्यावर त्सेन्टाचा फोन आला.

"दिवा लावलास?"

"लावला."

"माझाही?"

"दोन्ही लावले."

"निरोप सांगितलास ना? आता ही कंबर जरा धरू दे, ईस्टरला मीच जाते बघ ब्रश घेऊन. शेवाळ चढलं असेल."

इर्मट्राउटनं तोंड उघडलं. मांडीवरच्या पिशवीत काच काचेवर आपटत होती.

"ईस्टरलाही थंडी असते, जाऊ नकोस," ती एवढंच म्हणाली.